निगेटिव्ह टाकू नका



दिवाळीची आवराआवर आता घरोघर सुरू होईल. माळे रिकामे होतील, पत्र्याच्या पेट्या खाली उतरतील आणि एखाद्या बिस्किटांच्या डब्यात किंवा स्टुडिओच्या पिवळट पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या सापडतील. अल्बम आपण जपतो. निगेटिव्ह मात्र ‘आता या कोण धुऊन देणार?’ असं म्हणत रद्दीत टाकतो. त्या रद्दीत जाऊ नयेत म्हणून मी आज बोलणार आहे. घरच्या घरी त्या स्कॅन करता येतात. त्यासाठी यंत्र कोणतं घ्यावं हे सांगेन, आणि ज्याचा विचार सहसा कुणी करत नाही त्या मॉनिटरबद्दल जरा जास्तच बोलेन.

आधी आपल्या घरात नक्की काय आहे ते बघू. १९६० आणि ७०च्या दशकांत महाराष्ट्रातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पहिला कॅमेरा आला तो आग्फा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तो तयार होई. १२० नंबरचा रोल, त्यावर १२ चौकोनी फोटो. निगेटिव्ह चांगली सहा सेंटिमीटरच्या आसपास, पण मोठा प्रिंट परवडत नसे, म्हणून पुष्कळ जण निगेटिव्हच्याच मापाचा कॉन्टॅक्ट प्रिंट काढून घेत. पांढऱ्या कातरलेल्या कडांचे ते इवलेसे फोटो तुम्ही पाहिले असतील. म्हणजे त्या निगेटिव्हमध्ये जे आहे, ते घरातल्या कुणीच कधी नीट पाहिलेलं नाही.

माझ्या परिचयातल्या एका घरातली अशी निगेटिव्ह मी स्कॅन केली. ओसरीवर आजी बसलेली, मांडीवर तान्हं मूल. प्रिंटमध्ये मागची भिंत म्हणजे नुसता करडा ठिपका होता. स्कॅनमध्ये भिंतीवरचं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर दिसलं आणि त्यावरची तारीख स्पष्ट वाचता आली. मांडीवरचं मूल थोरलं की मधलं, यावर त्या घरात कायम वाद होता. जन्मतारखा ताडून पाहिल्या आणि तो मिटला.

या मोठ्या निगेटिव्हमुळेच यंत्र घेताना सावध राहायला हवं. बाजारात ‘फिल्म स्कॅनर’ म्हणून मिळणारी बरीच यंत्रं फक्त ३५ मिलिमीटरची पट्टी घेतात. घरातल्या सगळ्यात जुन्या निगेटिव्ह त्यात शिरतच नाहीत. म्हणून पाकिटं उघडा, मापं बघा आणि मगच खरेदीला निघा. दोन्ही मापं असतील तर झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर घ्यावा, एप्सनच्या व्ही ६०० किंवा व्ही ८५० सारखा. कागदपत्रांचा नेहमीचा स्कॅनर इथे कामाचा नाही, कारण प्रकाश निगेटिव्हच्या आरपार जावा लागतो. घरात केवळ ३५ मिलिमीटरच्याच पट्ट्या असतील, तर प्लस्टेकसारखा खास फिल्मचा स्कॅनर त्या जास्त बारकाईने वाचतो. निकॉनचे कूलस्कॅन याहून सरस होते, पण ते बनणं केव्हाच थांबलं. आता ते जुन्या बाजारात मिळतात आणि बिघडले तर दुरुस्त करणारा शोधत फिरावं लागतं.

स्वतःच्याच छोट्या पडद्यावर फोटो दाखवणारी स्वस्त डबीवजा यंत्रंही असतात. आत एक साधा कॅमेरा असतो, तो झटकन जेपेग करून देतो. पण लग्नातल्या पांढऱ्या धोतराच्या चुण्या त्यात पार पुसल्या जातात. ज्यांच्याकडे चांगला डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स आहे, त्यांनी निगेटिव्ह एकसारख्या उजेडाच्या लाइट पॅनेलवर ठेवून वरून फोटो काढावा. हा मार्ग वेगवान आणि उत्तम आहे. कॅमेरा निगेटिव्हला अगदी समांतर हवा. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवून बघा, लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की समजा जमलं.

खोक्यावर छापलेल्या डीपीआयच्या आकड्यांना भुलू नका. फ्लॅटबेडवर ६४०० लिहिलेलं असतं, पण खरा तपशील त्याच्या निम्म्यानेही मिळत नाही. २४ बाय ३६ मिलिमीटरची निगेटिव्ह ३२०० डीपीआयने स्कॅन केली की सुमारे १३ ते १४ मेगापिक्सेलचा फोटो होतो. घरातल्या मोठ्या प्रिंटलाही तेवढा पुष्कळ झाला. क्लिक थ्रीच्या साध्या भिंगातून जेवढं टिपलं गेलं, त्याला २४०० डीपीआय अगदी भरपूर आहे. मूळ प्रत टिफमध्ये, १६ बिटमध्ये ठेवा. पुढे उजळ-गडद करताना तिचा उपयोग होतो. पाठवापाठवीसाठी जेपेग वेगळी काढता येते.

धुळीबद्दल एक सांगायलाच हवं. काही स्कॅनरांत इन्फ्रारेड किरणांनी धूळ हुडकायची सोय असते. रंगीत फिल्ममधल्या रंगांतून ते किरण आरपार जातात आणि धुळीपाशी अडतात, त्यामुळे धूळ कुठे आहे ते यंत्राला कळतं. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हमध्ये मात्र चित्रच चांदीच्या कणांचं असतं. ते कणही किरण अडवतात आणि यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजून पुसायला लागतं. अशा निगेटिव्हसाठी ती सोय बंद ठेवा, रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश वापरा. कोकणात, गोव्यात किंवा पावसाळ्याच्या दमट हवेत निगेटिव्हवर बुरशी धरते. ती पाण्याने कधीही पुसू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्र त्याच्याबरोबर निघून येतं.

आता मॉनिटर. लोक स्कॅनर घेताना हात सैल सोडतात आणि काम करतात जुन्या लॅपटॉपवर. स्कॅनर फक्त मोजमाप घेतो. चेहरा गोरा की सावळा, शालू जांभळा की निळा, हे आपण पडद्याकडे बघून ठरवतो. पडदाच निळसर असेल तर आपण प्रत्येक फोटोत पिवळा रंग घालत जातो, आणि फोटो अमेरिकेतल्या भावाकडे पोचले की त्याला सगळं घरदार कावीळ झाल्यासारखं दिसतं. एकेका फोटोवर बसून केलेले कष्ट वाया जातात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, स्कॅनर एक पायरी खालचा घेतलात तरी चालेल, पण मॉनिटर चांगला घ्या.

तुमच्या पडद्याची परीक्षा आत्ता घरीच करता येईल. आजोबांचा काळ्या कोटातला फोटो उघडा आणि बघता बघता खुर्चीतून अर्धवट उठा. कोट करडा झाला, किंवा कॉलर आणि बटणं मगाशी नव्हती ती दिसायला लागली, तर तो पडदा या कामाचा नाही. आयपीएस पॅनेलचा, साधारण २४ इंची, एसआरजीबीचे जवळजवळ सगळे रंग दाखवणारा मॉनिटर घरासाठी योग्य. त्याहून विस्तृत रंगांचा मॉनिटर नीट जुळवल्याशिवाय वापरला तर कपाळावरचं कुंकू भडक पेटल्यासारखं दिसतं.

नवा मॉनिटर बहुधा फार उजळ ठेवलेला असतो. त्यावर फोटो ठीक वाटतो आणि प्रिंट काळा येतो. मॉनिटरशेजारी दिव्याच्या उजेडात एक कोरा कागद धरा आणि पडद्यावरचा पांढरा रंग साधारण त्या कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. काटेकोर काम करायचं असेल तर पडद्यावर टेकवून ठेवायचं कॅलिब्रेशनचं छोटं यंत्र मिळतं. ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि १०० ते १२० कँडेला ही उद्दिष्टं दिली की ते पडद्याचे रंग मोजून त्याचं प्रोफाइल तयार करतं. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय कामापुरती बंद करा. मॉनिटर अर्धा तास आधी सुरू करून ठेवा. खिडकीचं ऊन पडद्यावर येऊ देऊ नका. भिंत गर्द पिस्ता किंवा गुलाबी असेल तर तिथे बसून रंग ठरवू नका, भिंतीचा रंग डोळ्यांना फसवतो.

रंगीत निगेटिव्हचा मूळ रंग नारिंगी असतो. तो वजा करायचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि ते त्याच्यावर सोडलं तर हमखास घोटाळा होतो तो हळदीच्या फोटोत. नवरी, करवल्या, वाटी, पाट, सगळं पिवळं. सॉफ्टवेअर म्हणतं, इतका पिवळा रंग असूच शकत नाही, आणि तो काढून टाकतं. हळद फिकी पडते, चेहरे निळसर होतात. यावर उपाय आहे. दोन फोटोंच्या मधल्या कोऱ्या पट्टीवरून नारिंगी रंग एकदा ठरवून घ्या आणि सगळ्या रोलला तोच लावा. मग हळद हळदीच्या रंगाची येते. अल्बममधला प्रिंट लाल पडला असला तरी अंधारात राहिलेली निगेटिव्ह अनेकदा बऱ्या अवस्थेत सापडते.

स्कॅन झालेले फोटो त्याच मॉनिटरवर घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. इवल्या प्रिंटमध्ये न ओळखू आलेली माणसं आत्या किंवा मामा मोठ्या पडद्यावर चटकन ओळखतात. ‘ही आपली ताई नव्हे, ही गिरगावातली वन्सं’ असं कुणी म्हटलं की ते लगेच फाइलच्या नावात लिहून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. फाइलींच्या दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. १९६१च्या पानशेतच्या पुरात पुण्यात घरंच्या घरं वाहून गेली. त्यांतल्या ज्या घराचा फोटो नातेवाइकांकडे होता, त्याचाच फोटो आज आहे.

स्कॅन झाल्यावरही निगेटिव्ह टाकायच्या नाहीत. पीव्हीसीच्या चिकट पिशव्यांतून त्या काढा आणि आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटांत घाला. माळ्यावर उन्हाची धग असते, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल असते. या दोन्ही जागा टाळून घराच्या आतल्या खोलीतल्या कपाटात त्या ठेवा. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर आतलं ॲसिटेट विघटित होतंय असं समजा. ते थांबवता येत नाही, आणि त्याची वाफ शेजारच्या पट्ट्यांनाही बिघडवते. अशा पट्ट्या लगेच वेगळ्या काढा आणि स्कॅनिंगची सुरुवात त्यांच्यापासूनच करा.