आवाज कुणाचा?

(कर्वेनगर येथील वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून म्हणून नोकरी करतो. परंतु ओळखीच्या दोन घरांत ऐन उमेदीची मुले स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, या आजाराने घरी बसली. त्या घरांना काय सोसावे लागले हे जवळून पाहिले आणि मी या विषयावर वाचू लागलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

‘आवाज कुणाचा?’ ही आरोळी पुण्याच्या कॉलेजातील मुलांना चांगली ठाऊक आहे. एकांकिका स्पर्धेत ती दिली की सभागृह दणाणून उत्तर देते. आज मी तोच प्रश्न निराळ्या अर्थाने विचारणार आहे. खोलीत कुणी नाही, आणि तरीही एखाद्या मुलाला स्पष्ट शब्द ऐकू येतात. कुणी त्याला शिव्या देते, कुणी हुकूम सोडते, कधी दोघे जण त्याच्याविषयी आपसात बोलतात. तो आवाज कुणाचा?

आपल्या समाजात याची दोन उत्तरे तयार असतात. पहिले, ‘बाहेरची बाधा आहे.’ दुसरे, ‘काम नको म्हणून सोंग करतो आहे.’ पहिल्या उत्तराने घर भगताच्या दारात जाते, दुसऱ्याने मुलगा मार खातो. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

मग खरे उत्तर काय? त्यासाठी आधी मेंदूची रचना पाहू. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी मेंदूच्या पुढच्या बाजूला, बहुतेकांच्या डावीकडे, बोलणे घडवणारा भाग दाखवून दिला. १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी कानाच्या वरच्या बाजूला असलेला, ऐकलेल्या शब्दांचा अर्थ लावणारा भाग ओळखला. या दोन भागांना जोडणारा मज्जातंतूंचा एक कमानीसारखा जुडगा आहे. एक भाग बोलतो, दुसरा ऐकतो आणि हा जुडगा दोघांत निरोप नेतो.

आता माझ्या बँकेतले उदाहरण देतो. एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या नावे रक्कम टाकली की त्याची सूचना, म्हणजे ‘ॲडव्हाइस’, तिकडे जायची. पूर्वी ती टपालाने जात असे. ती पोचली की मेळ बसे. पोचली नाही तर रक्कम समोर दिसे, पण ती कुणाची हे कळत नसे. मग ती ‘सस्पेन्स’ खात्यात पडून राही. रक्कम खोटी नसे, फक्त मालक सापडत नसे.

मेंदूतही असाच व्यवहार चालतो. आपण बोलतो, किंवा मनातल्या मनात स्वतःशी बोलतो, तेव्हा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आगाऊ सूचना पाठवतो की हे शब्द आपल्याच घरचे आहेत, दचकू नकोस. म्हणून आपला आवाज आपल्याला परका वाटत नाही. स्वतःच स्वतःला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही, त्याचेही कारण हेच. सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी २००० साली याच गुदगुल्यांचा प्रयोग केला. आवाज ऐकणाऱ्या रुग्णांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श यांत निरोगी माणसांइतका फरक जाणवला नाही.

सूचना पोचली नाही, उशिरा पोचली किंवा अर्धवट पोचली, तर मनातलेच शब्द परक्याचे म्हणून कानी पडतात. हे नुसते तर्कट नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गूल्ड नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या घशातून निघणारी अगदी क्षीण कुजबुज यंत्राने मोठी करून ऐकली. रुग्ण जे आवाज ऐकू येतात म्हणून सांगे, त्यांच्याशी ती जुळत होती. १९९३ साली लंडनमध्ये मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी आवाज ऐकू येत असताना रुग्णांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. तो ब्रोकांनी दाखवलेल्या बोलण्याच्या भागात वाढलेला आढळला. पुढे ज्युडिथ फोर्ड आणि डॅनियल मॅथलॉन यांनी मेंदूच्या विद्युतलहरी तपासल्या. निरोगी माणूस स्वतः बोलत असताना त्याच्या मेंदूचा ऐकणारा भाग काहीसा शांत राहतो. रुग्णांत तो तितका शांत होत नाही.

म्हणजे बिघाड एखाद्या एकट्या भागात नसून भागांमधल्या दळणवळणात असावा, असा विचार पुढे आला. १९९५ साली फ्रिस्टन आणि फ्रिथ या संशोधकांनी तो ठामपणे मांडला. मात्र कोणत्या तंतूंत नेमका काय फरक होतो यावर अजून एकमत नाही. काही अभ्यासांत हे तंतू विस्कळीत दिसले, तर आवाज ऐकणाऱ्या रुग्णांच्या काही अभ्यासांत तोच कमानीचा जुडगा उलट अधिक घट्ट बांधलेला दिसला. नुसता एम.आर.आय. काढून या आजाराचे निदान होत नाही, हेही लक्षात ठेवा. कुणी तसे सांगून पैसे मागत असेल तर सावध राहा.

थोडक्यात, तो आवाज सोंग नाही आणि भूतही नाही. तो त्या माणसाच्याच मेंदूतला आहे, पण त्याला तो आपला म्हणून ओळखता येत नाही. ऐकणे खरे आहे, म्हणूनच त्याची भीतीही खरी आहे.

परंतु आवाज काय बोलतो हे केवळ तंतूंवर ठरत नाही. तान्या लुरमन या अमेरिकन अभ्यासिकेने चेन्नई, आफ्रिकेतील आक्रा आणि कॅलिफोर्निया येथे प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून तुलना केली. कॅलिफोर्नियातील पुष्कळांचे आवाज मारझोडीची, रक्तपाताची भाषा बोलत. चेन्नईतील अनेकांना घरातल्या माणसांचे आवाज येत. ते रागावत, पण कामे करायलाही सांगत. म्हणजे आवाज शब्द उचलतो ते भोवतालातून. बालपणी छळ आणि मारहाण सोसलेल्यांत अशा आजारांचे प्रमाण अधिक असते, हेही अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. ज्या मुलाने शाळेत, चौकात, नोकरीच्या ठिकाणी जातीवरून अपमान ऐकला, त्याचा आवाज त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलेल, याचा आपण विचार करावा. घरात आणि समाजात माणसाशी कसे बोलावे, हा मग आरोग्याचाही प्रश्न होतो.

हा आजार दुर्मीळ नाही. निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात कधीतरी छिन्नमनस्कता किंवा तत्सम आजार झालेल्या प्रौढांचे प्रमाण १.४ टक्के आढळले. बहुधा तो ऐन तारुण्यात सुरू होतो. विद्यार्थी मित्रांनो, म्हणून हे तुमच्या वयाचे दुखणे आहे. मित्र अचानक एकटा राहू लागला, झोप उडाली, अभ्यास सुटला, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवते असे म्हणू लागला, तर त्याची चेष्टा करू नका. प्रत्येक आवाज म्हणजे हा आजार नव्हे. घरचे माणूस गेल्यावर त्याची हाक ऐकू येणे अनेकांना घडते. परंतु निवाडा डॉक्टरांनी करावा, आणि तो लवकर व्हावा. उपचार जितके लांबतात तितके सावरणे अवघड होते.

घरच्यांनी काय करावे? ‘आवाज नाहीच’ असा वाद घालू नये. आपल्यालाही तो ऐकू येतो असे खोटेही सांगू नये. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला येतो हे मी मानतो,’ एवढे म्हणावे आणि तो काय सांगतो हे विचारावे. जिवाचे बरेवाईट करायला सांगत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. १९५२ पासून या आजारावर औषधे आहेत. बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करू नयेत. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

आपल्या पुण्याने या बाबतीत मोठे काम पाहिले आहे. डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. ते दुःख चार भिंतींत न ठेवता त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. तिथे रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून आपले अनुभव सांगू लागले. २००४ सालचा ‘देवराई’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपटही याच आजारावर आहे. सर्वांनी तो अवश्य पाहावा.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या याच शहरात २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली. बाबासाहेबांनी आपल्याला प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहायला शिकवले. ती कसोटी घरातल्या आजारपणालाही लावायला हवी. आणि बुद्धीबरोबर करुणाही हवी, कारण नुसत्या बुद्धीने घाबरलेल्या मुलाला धीर येत नाही.

माझी एकच विनंती आहे. आपल्या संस्थेने महिन्यातून एक संध्याकाळ अशा कुटुंबांसाठी राखून ठेवावी. डॉक्टर आले तर उत्तमच. नाही आले तरी ज्या घराने हे दुखणे शेजाऱ्यांपासून लपवले आहे, त्या घरातल्या आईला बोलायला एक जागा मिळेल. तिचा आवाज ऐकणे आपल्या हाती आहे.