स्टेअरिंगच्या ऑइलची डबी आपणही बदलू शकतो

आज पापड-लोणच्याचा नाही, गाडीचा विषय घेतला आहे.

आपल्या वसईच्या पश्चिम पट्ट्यातून, आगाशी-निर्मळच्या बाजूने, फुलं आणि भाजी पहाटे दादरच्या बाजारात जाते. मोगऱ्याची कळी मिटलेली असेपर्यंत भाव. उमलली की भाव उतरला. म्हणून आमच्या गटाने जुनी पिकअप घेतली. ती एक दिवस उभी राहिली तर सगळ्यांचाच माल अडकतो.

गेल्या पावसाळ्यात तिचं स्टेअरिंग जड झालं. वळवताना घूंघूं आवाज यायचा. एका गॅरेजमध्ये नीट न बघताच सांगितलं, "पूर्ण पंप बदला." आम्ही बॉनेट उघडून बघितलं, तर ऑइलची प्लॅस्टिकची डबी बुडाशी तडकलेली होती. पंप ठीक होता. डबी आम्हीच बदलली.

ही डबी करते काय? तिच्यातलं ऑइल पंपात जातं, पंप त्याला दाब देतो आणि त्या दाबामुळे स्टेअरिंग हलकं फिरतं. मग ऑइल परत डबीत येतं. ऑइल कमी झालं की पंपात हवा शिरते आणि तो ओरडतो. गाडी तेव्हाही वळते, पण सगळा जोर हातांवर येतो. भरलेली गाडी हायवेवर असताना ही गोष्ट जिवावर बेतू शकते.

आधी खात्री करा. आताच्या बऱ्याच लहान गाड्यांचं स्टेअरिंग विजेवर चालतं, त्यात ही डबीच नसते. डबी असेल तर ती पुसून कोरडी करा, इंजिन थोडा वेळ चालवा आणि ओल कुठून येते ते बघा. ओल जाड दाबाच्या पाइपला किंवा पंपालाच असेल तर ते काम मेकॅनिकचं.

डबीच फुटली असेल तर असं करा. गाडी सपाट जागी लावा, चाकं सरळ ठेवा, हँडब्रेक ओढा, चावी काढा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. मोठ्या सिरिंजने जुनं ऑइल काढून घ्या. कोणता पाइप कुठे होता, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. खाली तसराळं ठेवा. पकडीने क्लिपा सरकवा, पाइप ओढू नका, हलके फिरवत काढा. उघडी तोंडं स्वच्छ फडक्याने झाका. कचरा आत गेला तर पंप खराब होऊ शकतो. नवी डबी बसवून क्लिपाही नव्या लावा.

ऑइल कोणतं? झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच घ्या. ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नका, त्याने आतली रबरं फुगून खराब होतात.

आता हवा काढायची. मागच्या चाकांना दगड लावा, पुढची चाकं जॅकने उचला आणि खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणीही जाऊ नये. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा. दुसरीने डबीवर लक्ष ठेवून ऑइल भरत राहायचं. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा फिरवा. टोकाला दाबून धरू नका. शेवटी ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावं. दुसऱ्या दिवशी गाडीखाली पुठ्ठा ठेवून थेंब पडतात का बघा. एक-दोन फेऱ्या रिकाम्या मारून मगच माल भरा.

सांडलेलं ऑइल लगेच पुसा, गरम सायलेन्सरवर ते पेट घेऊ शकतं. आणि जुनं ऑइल गटारात, विहिरीत किंवा बावखलात कधीच नको. ज्या बावखलांवर आपल्या वाड्या तगल्या, त्यांचं पाणी आपणच नासवायचं का? बंद डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

मैत्रिणींनो, गटाच्या वहीत आपण पैशापैशाचा हिशोब ठेवतो. आता एक पान गाडीचं ठेवा. महिन्यातून एकदा ऑइल बघा, तारीख लिहा. प्रत्येक गटात निदान दोघी तरी बॉनेट उघडायला शिका. गॅरेजला जायचं तेव्हाही दोष माहीत असला की प्रश्न नीट विचारता येतो.