शाळेच्या कुंपणाला वेल कोणती?



मैदानाकडच्या तारेच्या कुंपणावर आपल्या बॅचतर्फे वेल चढवायचे, हे सकाळी ठरलेच. बोगनवेलीसाठी बरेच हात वर झाले. पाणी कमी, रंग भरपूर, सगळे खरे. पण तिला काटे असतात, आणि तारेत अडकलेला चेंडू काढायला पहिली-दुसरीची मुले हात घालणारच. ती रस्त्याच्या बाजूला शोभेल.

मैदानाकडे कृष्णकमळ लावू या. शंभर कौरव, पाच पांडव मोजायला मुलांना फूल हाताशी हवे! शिवाय ते आपल्या तंतूंनी तार स्वतःच धरते. दोन रोपांत आठ फूट अंतर ठेवा. आज विरळ दिसते म्हणून दोन-दोन फुटांवर लावाल, तर पुढे नुसता गुंता होईल. मधल्या जागेत गोकर्णाचे बी रात्रभर भिजवून दीड-दीड फुटावर पेरा. पहिल्याच पावसाळ्यात तार झाकू लागेल. कृष्णकमळाचे शेंडे मात्र आडवे वळवा. सरळ वर गेले, की खालचे कुंपण उघडेच राहते.

खड्डे मेमध्ये, रोपे जूनच्या चांगल्या पावसानंतर. खरी अडचण पुढच्या एप्रिल-मेची. शाळेला सुट्टी, पाणी कोण घालणार? वर्गणीच्या वहीशेजारी पाण्याच्या पाळ्यांची वही ठेवली आहे. गावात राहणाऱ्यांनी जेवणाआधी त्यात नावे लिहावीत.