वाहन चालविणाऱ्या तरुणांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस दोन शब्द



महोत्सवात संस्थेच्या कार्याविषयी बोलावे, जुन्या कार्यकर्त्यांचे स्मरण करावे, असा रिवाज आहे. ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी आमच्याहून चांगले केले आहे. चिटणीसांनी आम्हांस पंधरा मिनिटे दिली आणि विषयाची मोकळीक दिली. आम्ही निवडलेला विषय समारंभाला शोभणारा नाही, याची आम्हांस जाणीव आहे. गाडी चालविताना मोबाइलवर बोलण्याची व निरोप लिहिण्याची जी सवय आपल्या मुलांस जडली आहे, तिच्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे. परंतु मुलांस बोल लावण्यापूर्वी आमचा स्वतःचा अपराध सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आंबिया बहराची संत्री तोडणीला आली होती. आमचा पुतण्या नागपुरास शिकतो. शनिवारी सायंकाळी तो मोटरसायकलीने घरी यावयास निघाला. सावनेर सोडले की एक रस्ता सौंसरावरून छिंदवाड्यास जातो व दुसरा आपल्याकडे येतो, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडला. वहिनी आतबाहेर करू लागल्या. आम्ही म्हटले, "थांबा, विचारूनच टाकतो," आणि फोन लावला.

"कुठवर आला रे?"

"येऊन राहिलो काकाजी, केळवद—"

पुढे भांडे पडल्यासारखा आवाज झाला आणि मग काही नाही.

संत्र्याचे कॅरेट भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दिवा नव्हता, तांबडी पट्टीही नव्हती. मुलाची उजवी मांडी मोडली. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. शस्त्रक्रिया झाली, कॉलेजचे एक वर्ष बुडाले, आणि अजूनही जिना चढताना तो कठड्याला हात लावतो.

भेटावयास येणाऱ्या प्रत्येकाने ट्रॉलीवाल्यास शिव्या दिल्या. त्यात चूक नाही. बहराच्या दिवसांत अशा बिनदिव्याच्या ट्रॉल्या आपल्याच मंडळींच्या असतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो. पण मुलगा एकदा आम्हांस म्हणाला, "काकाजी, माझा हात हँडलवरच होता. फोन हेल्मेटात खोचला होता. डोळे रस्त्यावरच होते. तरी ट्रॉली दिसली नाही." हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. डोळे उघडे, नजर समोर, मग दिसली कशी नाही?

याचे उत्तर शास्त्रज्ञांनी शोधले आहे. १९९९ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंचे चित्रण दाखवून चेंडू कितीदा फेकला ते मोजावयास सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घातलेले माणूस खेळाडूंमधून चालत गेले. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते दिसलेच नाही! पुढे २००३ साली यूटा विद्यापीठातील संशोधकांनी गाडी चालविण्याच्या कृत्रिम यंत्रावर पाहिले, तेव्हा हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्यांची नजर ज्या पाट्यांवर पडली होती, त्या पाट्याही त्यांना नंतर तितक्या ओळखता आल्या नाहीत. डोळा पाहतो, पण मन दुसऱ्या घरी गेलेले असते. म्हणून कानात यंत्र घातले की झाले, ही तरुणांची समजूत आम्हांस खोटी वाटते. मागे बसलेला मित्र बोलतो ते निराळे; समोर वळण किंवा म्हैस आली की तो आपोआप गप्प होतो. घरी ओट्यावर बसून फोन करणाऱ्यास म्हैस दिसत नाही.

बोलण्याची ही गत, मग लिहिण्याचे काय सांगावे? व्हर्जिनियातील एका संस्थेने ट्रकचालकांच्या प्रत्यक्ष प्रवासाचा अभ्यास करून २००९ साली सांगितले की निरोप लिहिणाऱ्याची नजर सहा सेकंदांपैकी सुमारे साडेचार सेकंद रस्त्यावर नसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने साडेचार सेकंदांत गाडी ७५ मीटर जाते. मुलांना क्रिकेटच्या भाषेत सांगतो : खेळपट्टी बावीस यार्डांची, अशा पावणेचार खेळपट्ट्या डोळे बांधून पळत जाणे म्हणजे हा निरोप. सिल्लेवानीच्या घाटात तर इतका सरळ रस्ता मिळावयाचाही नाही. आपल्या जामेच्या पात्रात गोटमारीच्या दिवशी उभा राहणारा मनुष्य कितीही बेफाम असला तरी समोरची नजर काढीत नाही. तोच मनुष्य दुसऱ्या दिवशी मोटरसायकलीवर मान वाकडी करून खांद्यात फोन धरतो, याचे आम्हांस नवल वाटते.

सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. फोनमुळे किती, याची नोंद त्या मानाने थोडी असते. २०२१ च्या अहवालात १,०४० मृत्यू त्या सदरात दिले आहेत. पण अपघातानंतर "फोनवर होतो" असे कोण लिहून देतो? आमच्या पुतण्याच्या कागदांतही तो शब्द नाही.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती झाली. गाडी चालविताना हातात फोन वापरल्यास पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. वाट पाहण्यापुरता फोन वापरण्याची मुभा २०२० च्या नियमाने आहे, तीही लक्ष विचलित न होईल अशा रीतीने. आणि अठरा वर्षांच्या आतल्या मुलास गाडी देणाऱ्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड आहे. हे ऐकून काही मंडळी खाली पाहू लागली, ते बरेच झाले.

मोठ्या गाड्यांवरही हेच चालते. मार्च २०२५ मध्ये दादरहून पुण्यास जाणाऱ्या एका शिवनेरी बसचा चालक गाडी चालविता चालविता मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहात होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रण करून मंत्र्यांकडे पाठविले, तेव्हा त्या चालकास कामावरून काढले. आपली मुले मित्राच्या मागे बसतात, तेव्हा मित्र फोन काढताच "गाडी थांबव" एवढे म्हणावयास का लाजतात?

आता आम्ही वडीलधाऱ्यांकडे वळतो, कारण फोनाला दोन टोके असतात. कॅलिफोर्नियात १२ सप्टेंबर २००८ रोजी दोन आगगाड्यांची टक्कर होऊन २५ माणसे मेली. चालकाने टकरीच्या अवघ्या बावीस सेकंद आधी निरोप पाठविला होता, आणि तो पाठविला होता रेल्वेची आवड असलेल्या एका मुलाला. त्या पोराचा काही वाईट हेतू नव्हता. आमचाही नव्हता. मुलगा रस्त्यावर आहे हे ठाऊक असूनच आम्ही फोन केला. तो रस्त्यावर होता म्हणूनच केला. काकाचा फोन न उचलण्याची त्याची काय बिशाद! आदराने उचलला.

पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला, तरी शिकावयास पोरे अजून नागपूर, अमरावतीस जातात, आणि घरोघरी सायंकाळी हाच प्रश्न विचारला जातो. आमच्या घरी आता असे ठरले आहे : नागपुराहून निघताना त्याने कळवावे व फोन पिशवीत टाकावा. सावनेरास चहाला थांबला की त्याने स्वतः फोन करावा. मध्ये घरच्या कोणी करावयाचा नाही. हे वहिनींना फार जड गेले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांस त्याहून जड गेले.

गेल्या महिन्यात सावनेरचा फोन यावयास पाऊण तास उशीर झाला. आमचा हात दोनदा फोनाकडे गेला. वहिनींनी तो उचलला आणि स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यावर नेऊन ठेवला. आम्ही दोघे काही न बोलता बसून राहिलो. साडेआठ वाजता घंटी वाजली. त्याचे मागचे चाक पंक्चर झाले होते.