ठासणीची बंदूक नवशिक्याने जुळवावी काय?

वाळपईहून केरीच्या किंवा नगरगावच्या वाटेला लागले की डोंगरउतारावर काजूच्या बागा आणि खाली ओहोळांच्या आश्रयाने वाढलेली कुळागरे दिसू लागतात. सुपारी, नारळ, केळी, मिरी असे सारे एकत्र नांदविणाऱ्या या बागांचे सौंदर्य वाटसरूला दिवसा दिसते. बागाइतदाराची काळजी रात्री सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भाताचा कोपरा उकरून टाकतो. गवा केळीत शिरला तर सकाळी उरते ते मोजण्यासारखे नसते. माकडे तर दिवसाढवळ्या येतात आणि खातात त्याहून अधिक खाली टाकतात. यामुळे सत्तरीतील जुन्या शेतकरी घरांत ठासणीची बंदूक ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. कोयता आणि कुदळ यांच्या शेजारी तिची जागा असे, आणि दसऱ्याला त्यांच्याबरोबरच तिच्यावर झेंडूची फुले वाहिली जात.

सत्तरीत बंदुकीला आणखीही एक मान आहे. १८५२ च्या जानेवारीत दिपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला, १८९५ मध्ये दादा राणे यांच्या पुढारीपणाखाली पुन्हा उठाव झाला, आणि या बंडांच्या आठवणी ज्या घरांतून सांगितल्या जातात तेथील मुलाला भिंतीवरची जुनी बंदूक म्हणजे नुसते लोखंड आणि लाकूड वाटत नाही.

अशाच एखाद्या घरातील तरुणाच्या मनात आज एक नवी कल्पना येऊ लागली आहे. दूरदेशी हौशी लोक बंदुकीच्या सुट्या भागांचा संच विकत आणतात, घरच्या पडवीत कानस आणि पटाशी घेऊन बसतात आणि काही आठवड्यांत जुन्या घडणीची ठासणीची रायफल तयार करतात. हे दृश्य त्याने चित्रफितीत पाहिलेले असते. आजोबांची बंदूक गंजून गेली आहे. मग आपणच एक का जुळवू नये, असे त्याला वाटते. कल्पना आकर्षक आहे आणि तिच्यामागची भावना हिणविण्यासारखी नाही. म्हणूनच तिचा विचार नीट केला पाहिजे.

हे संच मुख्यतः अमेरिकेत विकले जातात. तेथील १९६८ च्या बंदूकविषयक कायद्याने जुन्या धर्तीच्या ठासणीच्या हत्यारांना आधुनिक हत्यारांच्या नियमांतून बरीच सूट दिली, आणि पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात घडविलेल्या लांब नळीच्या रायफलीविषयी त्या देशाला अभिमानही आहे. पण संच घेणारा मनुष्य नेमके काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. आटे पाडलेली नळी कारखान्यातून येते. तिच्या बुडाशी बसविलेला मळसूत्री डट्टा बहुधा कारखान्यातच घट्ट केलेला असतो. घोडा, कमान आणि चाप यांची कळ तयार मिळते. कुंद्यात नळीची आणि कळीची खोबणही बरीचशी कोरलेली असते. उरते ते लाकूड घासून आकार देणे, कळ खोबणीत बेतशीर बसविणे, पितळी पट्ट्या जडविणे आणि नळीवर रंग चढविणे. म्हणजे हौशी माणसाच्या हाती बहुतेक सुतारकाम आणि थोडे कानसकाम येते. बंदुकीचा जीव जेथे आहे, तेथे जाणत्या विक्रेत्याने त्याला हात लावू दिलेला नसतो.

ही वाटणी उगीच झालेली नाही. लाकूड क्षमाशील आहे. कुंदा थोडा अधिक तासला गेला तर बंदूक कुरूप दिसेल, पट्टी तिरकी बसली तर मित्र हसतील. त्याने कोणाचा डोळा जात नाही. लोखंडाचे तसे नाही. दारू पेटते तेव्हा तिचा सारा जोर नळीच्या बुडावर येतो, आणि बार काढणाऱ्याचा चेहरा त्या बुडापासून वीतभरावर असतो. डट्ट्याचे आटे सैल असले, किंवा त्याच्या पुढे पोकळी राहून तीत मळी साचत गेली, तर बाहेरून काही दिसत नाही. कळीतही असेच एक फसवे ठिकाण आहे. घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवण्यासाठी आत एक लहानशी खाच असते. चाप हलका व्हावा म्हणून नवशिके त्या खाचेच्या आसपास कानस फिरवितात. चाप हलका होतो खरा, परंतु मग बंदूक खांद्यावरून उतरविताना बसलेल्या धक्क्यानेही घोडा पडू शकतो.

या बाबतीत जपानमधील एक जुनी हकीकत उद्बोधक आहे, आणि तिचा धागा गोव्यापर्यंत पोहोचतो. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, आणि येथील बंदूक घडविणाऱ्या कारागिरांच्या कामाची तुलना त्याने पोर्तुगालच्या राजाला लिहिताना बोहेमियाच्या नामांकित कारागिरांशी केली. पुढे १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर काही पोर्तुगीज उतरले. त्यांच्याजवळच्या तोड्याच्या बंदुका गोव्याच्या किंवा मलाक्काच्या घडणीच्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. बेटाचा तरुण अधिपती तोकिताका याने दोन बंदुका विकत घेतल्या आणि तशाच घडविण्याची आज्ञा दिली. हे काम याइता किम्बेई या तलवारी घडविणाऱ्या लोहाराकडे आले. तो काही नवशिका नव्हता. त्याने नळी घडविली, बाह्य रूप हुबेहूब साधले. अडले ते एकाच ठिकाणी. नळीचे बूड मळसूत्राने कसे बंद करावे, हे त्याला उलगडेना. दुसऱ्या वर्षी आलेल्या पोर्तुगीज लोहाराकडून ती युक्ती शिकल्यावरच बंदूक पुरी झाली, असे १६०६ साली लिहिलेल्या वृत्तान्तात नमूद आहे. तलवारीचे पाते लीलया घडविणाऱ्या हाताला जी जागा एक वर्ष पुरली, ती सत्तरीतल्या हौशी तरुणाने सुटीच्या दोन आठवड्यांत जिंकावी ही अपेक्षा जरा मोठीच म्हणावी लागेल.

येथवर कारागिरीचा विचार झाला. भारतात मात्र हा प्रश्न कारागिरीपाशी पोहोचण्यापूर्वीच कायद्यापाशी थांबतो. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही धरले आहेत. तेव्हा सुट्या भागांचा संच म्हणजे अजून बंदूक झालेली नाही, हा युक्तिवाद चालत नाही. बंदूक बनविणे, तिच्यात फेरफार करणे, ती दुरुस्त करणे, इतकेच काय पण तिची पारख करणे, यांपैकी काहीही करावयाचे तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो. बंदूक जवळ बाळगण्याचा परवाना तेथे उपयोगी पडत नाही. बेकायदा निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. घरच्या ओटीवर हौसेने बसलेल्या मुलाला आपण कोणत्या उंबरठ्यावर बसलो आहो, याची कल्पनाही नसते.

तथापि याच कायद्याने शेतकऱ्याकडे पाठ फिरविलेली नाही, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर परवाना देण्याची तरतूद त्यात नाव घेऊन केलेली आहे. अशी बंदूक परवानाधारक कारखान्यात तयार होते आणि तिची नळी कसोटीच्या बाराने पारखलेली असते. २०१६ च्या नियमांनी नव्या परवानेदाराला हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षणही घ्यावयास लावले आहे. मात्र परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली असे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पीक तुडविणाऱ्या जनावरालाही अधिकाऱ्याच्या लेखी आदेशावाचून मारता येत नाही, आणि गवा तर गोव्याचा राज्यप्राणी आहे. म्हादई अभयारण्याला लागून असलेल्या शेतकऱ्याला हा नियम जाचतो, त्याची नुकसानभरपाईची तक्रारही खोटी नाही. परंतु घरी जुळविलेल्या बंदुकीने ती सुटत नाही, उलट तक्रार करणाराच आरोपी होतो.

नवशिक्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे, ते जुळवणीच्या अलीकडचे. गोळी दारूवर टेकेपर्यंत गजाने खाली गेली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. काळ्या दारूच्या बंदुकीत आधुनिक धूररहित दारू कधीही घालावयाची नसते. चाप ओढून बार उडाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून थांबावयाचे असते, वाकून पाहावयाचे नसते. आणि बार झाल्यावर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे लागते, कारण काळ्या दारूची मळी हवेतील ओल ओढून घेते. सत्तरीच्या पावसाळ्यात हा आळस एका रात्रीत नळीला गंज चढवितो. हे सारे अंगवळणी पडावयास एखादा हंगाम सहज लागतो, आणि ते परवानेदार वडीलधाऱ्याच्या देखरेखीखालीच शिकावे.

राहिली आजोबांची बंदूक. परवानेदार वारला की त्याचे हत्यार घरात तसेच ठेवता येत नाही. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि वारसाला आपल्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही अशा जुनाट हत्यारालाच कायद्यात सूट आहे. ते तसे आहे की नाही, हे घरच्या घरी ठरविण्यापेक्षा जाणकाराकडून ठरवून घेणे बरे.

परंतु ती भिंतीवरून उतरविण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या राखणदारांची रीत अशी, की गज रिकाम्या नळीत सोडून तोंडाशी जेथे येईल तेथे त्यावर खूण करून ठेवावी. गज आत सोडला आणि खूण बोट दोन बोटे वर राहिली, तर आत बार आहे असे समजावे. डुकरांची वाट पाहत ठासलेली आणि डुकरे आलीच नाहीत म्हणून तशीच टांगून ठेवलेली बंदूक वर्षानुवर्षे भरलेली राहू शकते, आणि काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. खूण नसेल, शंका असेल, तर तिचा घोडा हलवू नये, तिला चुलीजवळ नेऊ नये, मुलांना दूर ठेवावे आणि ती आहे तेथेच असू देऊन वाळपईच्या पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी.