मॅट्रिकच्या वर्गांतील मनोरे

मॅट्रिक हा शब्द आतां शाळेच्या आवारांत ऐकूं येत नाहीं. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालीं झाली; महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच तुकडीचे. १९४९ पासून मुंबई प्रांतांत तिची जागा एस. एस. सी.नें घेतली आणि १९७५ पासून महाराष्ट्रांत दहावीचें राज्य सुरू झालें. परीक्षेचीं नांवें बदललीं. परंतु तिच्या उंबरठ्यावर बसलेला वर्ग फारसा बदललेला नाहीं. पंधरा-सोळा वर्षांचें वय, ओठांवर फुटूं लागलेली मिसरूड, खिशांत एक आणा आणि डोक्यांत अख्खी पृथ्वी, हें त्या वर्गाचें सनातन रूप आहे.

येथें ज्या वर्गाचीं चित्रें काढावयाचीं आहेत तो १९४३-४४ च्या सुमाराचा, एखाद्या जिल्ह्याच्या गांवचा. मराठी चार आणि इंग्रजी सात अशा अकरा इयत्तांची वाट तुडवून मुलें येथवर येत. आधींच्या पिढ्यांनीं कर्कटकाच्या टोकानें कोरलेलीं नांवें बाकांवर असत आणि नव्या पिढीचें कोरीवकाम त्यांच्या शेजारींच चालू असे. सहामाही परीक्षा आटोपली कीं मराठीचे मास्तर फळ्यावर एक विषय लिहीत: 'मी कोण होणार?' त्याखालीं सूचना असे: निदान तीस ओळी. वर्गांतून एक दीर्घ सुस्कारा निघे आणि मग प्रत्येक जण आपापला मनोरा बांधावयास बसे. मनोऱ्यास विटा लागत नाहींत, चुना लागत नाहीं. फक्त शेजाऱ्याची वही दिसेल अशी जागा लागते!

पहिल्या बाकावर भिंतीच्या कडेला विद्वान बसे. त्याच्या शेंडीला गांठ आणि वह्यांना कव्हर कधीं चुकलें नाहीं. त्याला संस्कृतांतले सर्व लकार पाठ. इतके कीं भांडणांतही तो व्याकरणाची चूक करीत नसे. संस्कृतांत पहिल्या येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकवावी, मग विलायतेस जाऊन आय. सी. एस. व्हावें, असा त्याच्या निबंधाचा सरळ आंखीव मार्ग असे. वर्ग त्याला आतांपासूनच 'कलेक्टरसाहेब' म्हणे, आणि गणिताची वही मागावयाची असली म्हणजे त्यांत 'मेहरबान' या शब्दाची भर पडे. असे मनोरे क्वचित्‌ जसेच्या तसे उभे राहतात. चिंतामण द्वारकानाथ देशमुख १९१२ सालीं मॅट्रिकला पहिले आले, शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी झाले, पुढें आय. सी. एस.लाही पहिले आले, आणि १९४३ मध्यें रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पहिल्या नंबराची संवय सुटतां सुटत नाहीं, हें खरें. मात्र पुढें याच देशमुखांनीं कालिदासाचें मेघदूत मराठी पद्यांत उतरविलें. कलेक्टरसाहेबांच्या कव्हर घातलेल्या वहींतही शेवटच्या पानावर काय असतें, हें कोणी पाहिलेलें नसतें.

त्याच्या मागच्या बाकावर कविराज. याच्या वहीला कव्हरच काय, धड पुठ्ठाही नसे. पुढून बीजगणित आणि मागून काव्य अशी तिची वांटणी, आणि मार्गशीर्षाच्या सुमारास काव्याचें सैन्य बीजगणिताच्या मुलखांत बरेंच आंत शिरलेलें असे. 'साभार परत' हे दोन शब्द त्यास तीन मासिकांच्या संपादकांनीं कळविले होते, आणि त्यांतल्या 'साभार' या शब्दाचा त्याला अजून अभिमान वाटे. निबंधांत तो लिही, 'मी कवि होणार असें नव्हे; मी कवि आहेंच.' मास्तर समासांत प्रश्नचिन्ह काढीत आणि वर्ग हंसे. पण केशवसुतांना मॅट्रिकचा गड सर करावयास वयाची विशी ओलांडावी लागली. ते १८८९ मध्यें ती परीक्षा उतरले. त्यांनीं आयुष्य शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारावर काढलें आणि त्यांच्या कवितांचें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघालें. मराठी कवितेचा प्रवाह मात्र त्यांनीं वळविला. तेव्हां समासांतलें प्रश्नचिन्ह कवीपुढें काढावें कीं मॅट्रिकपुढें, याचा निर्णय सोपा नाहीं.

खिडकीजवळची जागा क्रिकेटवीराची. तेथून मैदान दिसतें. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरींत विजय हजारे यांनीं संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्यानें काढल्या, हें त्याला झोंपेंतही सांगतां येई. दोनचा लॉगॅरिदम विचारला तर मात्र तो छताकडे पाही. जणूं तेथें धावफलक टांगला आहे! निबंधांत त्यानें स्वतःस जलदगति गोलंदाज करून विलायतेच्या संघाचे दहाही गडी बाद केलेले असत. अकरावा कसा उरतो, याचाही खुलासा केलेला असे. अशा स्वप्नाला हंसण्याआधीं थोडें थांबावें. पुष्कळ पुढच्या काळांत, १९८७ सालीं, मुंबईचा एक शाळकरी मुलगा जलदगति गोलंदाज होण्यासाठीं मद्रासला गेला. डेनिस लिली यांनीं त्याला पाहिलें आणि 'तूं फलंदाजीकडेच लक्ष दे' असा सल्ला दिला. त्यानें तो ऐकला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९८८ च्या फेब्रुवारींत, शारदाश्रम विद्यामंदिराकडून खेळतांना त्यानें व त्याच्या शाळासोबत्यानें, सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनीं, ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. तेंडुलकरांच्या नांवावर पुढें शंभर आंतरराष्ट्रीय शतकें लागलीं. मनोरा ढांसळला तो दुसरा बांधण्यासाठींच!

चित्रकार कोठें बसतो हें फळ्यावरून कळे. मास्तर वर्गांत येण्यापूर्वीं त्यांचा रुमाल, चष्मा आणि मिशा तेथें अगोदरच येऊन बसलेल्या असत. ड्रॉइंगमास्तर त्याच्यावर नाराज, कारण त्यांनीं समोर ठेवलेल्या तांब्याऐवजीं तो तांब्याकडे पाहणाऱ्या ड्रॉइंगमास्तरांचें चित्र काढी. त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें जावयाचें होतें. म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांनाही तेथेंच जावयाचें होतें. त्यांच्या चित्रांत पुरेसे गुण दिसत नाहींत, असें उत्तर त्यांना तेथून आलें. ते निमूटपणें म्हैसुरास पदवीधर झाले आणि मग मुंबईस येऊन त्यांनीं 'सामान्य माणूस' असा कांहीं रेखाटला कीं पन्नासहून अधिक वर्षें लोक वर्तमानपत्र उघडतांच आधीं त्याला शोधीत. फळ्यावरच्या मिशा पुसणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुसूं नयेत असें मात्र कोणी म्हणत नाहीं.

डॉक्टर होणाऱ्याचा बाक मधला. सबंध वर्गाच्या जिभा तपासून झाल्या होत्या. परंतु कोणाचा गुडघा खरचटून रक्ताचा थेंब दिसला कीं प्रथम डॉक्टरांनाच पाणी पाजावें लागे. राजकोटच्या हायस्कुलांतून १८८७ मध्यें मॅट्रिक झालेल्या एका मुलालाही डॉक्टर व्हावेंसें वाटत होतें. विलायतेस जाण्याचा विचार निघाला तेव्हां त्यानें तसें विचारूनही पाहिलें. वडील भाऊ म्हणाले, वैष्णवानें मढीं चिरावयाचीं नसतात. वडिलांनाही तें रुचलें नसतें. मुलगा बॅरिस्टर होण्यासाठीं रवाना झाला. शाळेची तपासणी चालू असतां 'केटल' या शब्दाचें स्पेलिंग चुकविणारा आणि शाळा सुटली कीं कोणाशीं बोलावें लागूं नये म्हणून घरीं पळत सुटणारा हा मुलगा राष्ट्रपुरुष होईल, असें राजकोटच्या वर्गांत कोणी म्हटलें असतें तर वर्गानें बाकें बडविलीं असतीं. मोहनदास करमचंद गांधी यांच्या वर्गसोबत्यांची दूरदृष्टि इतर वर्गसोबत्यांइतकीच होती.

याच्या अगदीं उलट वर्गाचा पुढारी. मास्तर रजेवर असले कीं टेबल हेंच त्याचें व्यासपीठ. 'बंधुभगिनींनो' या शब्दानें तो आरंभ करी आणि घंटा झाल्याखेरीज त्याला समारोप सुचत नसे. निबंधही भाषणासारखाच, अठ्ठेचाळीस ओळींचा. वर्ग त्याच्या आवाजाची नक्कल करी. पण त्या वर्षीं ती नक्कल पूर्वीइतकी रंगत नव्हती. १९४२ च्या सप्टेंबरांत नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा त्यांच्याच वयाचा शाळकरी मुलगा मिरवणुकींत गोळी लागून पडला होता. 'मी कोण होणार?' या निबंधाच्या तीस ओळी त्याला लिहावयाच्या राहून गेल्या होत्या.

उजव्या हाताला, मास्तरांच्या टेबलाजवळ, मुलींचा एकच बाक. चौघींचे चार निबंध, आणि चारींतही 'शिक्षिका' हाच शब्द. मुलांना वाटे, यांनीं एकमेकींचें पाहून लिहिलें. वस्तुतः घरीं नेऊन दाखवितां येईल असा तेवढा एकच शब्द होता. चौघींपैकीं एकीनें आधीं 'वकील' असें लिहून तें खोडलें होतें. शाई मात्र पाठच्या पानावर उमटली होती. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं कॉलेजांत असें यश मिळविलें कीं पुरुष विद्यार्थ्यास त्यावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती; स्त्री म्हणून ती त्यांना नाकारली गेली. त्या इतरांच्या साहाय्यानें ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्यें कायद्याच्या परीक्षेस बसल्या, आणि पदवी हातीं पडावयास १९२२ साल उजाडलें. खोडलेला एक शब्द पुनः लिहावयास तीस वर्षें लागतात, ती अशीं.

आणि शेवटच्या बाकावर, दाराजवळ, एक मुलगा बसे. त्याला टोपणनांव नव्हतें. वर्गांत ज्याला टोपणनांवही मिळत नाहीं, तो खरा एकटा. फीची यादी वाचली जाई तेव्हां तो दप्तरांत कांहीं तरी शोधूं लागे. त्याच्या निबंधांत तीस ओळी नव्हत्या. एकच ओळ होती: 'परीक्षेची फी भरली गेली तर पुढचें ठरवीन.' मास्तरांनीं 'फार त्रोटक' असा शेरा मारून दहापैकीं एक गुण दिला. निबंध म्हणून तो त्रोटक होता, हें नाकारतां येत नाहीं. परंतु सबंध वर्गांत हिशेबानें लिहिलेला निबंध तेवढा एकच होता.

अशा मुलाचें पुढें काय होतें, हें त्याच्या बुद्धीवर जितकें अवलंबून असतें तितकेंच त्याचें म्हणणें कोणी ऐकून घेतलें कीं नाहीं, यावरही असतें. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत भीमराव आंबेडकर यांना मास्तरांनीं एकदां गणित सोडविण्यास फळ्याजवळ बोलाविलें, तेव्हां फळ्यामागें ठेवलेले आपापले डबे उचलण्यासाठीं बाकीचीं मुलें धांवलीं होतीं. भीमरावांचें पुढें काय होणार, याविषयीं त्या वर्गाचें मत तेंच. चर्नी रोडच्या बागेंत एकटाच वाचीत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या दुसऱ्या शाळेंतल्या शिक्षकांच्या दृष्टीस पडला. त्यांनीं त्याची विचारपूस केली, त्याला वाचावयास पुस्तकें दिलीं. १९०७ मध्यें तो मॅट्रिक झाला तेव्हां सत्काराच्या सभेंत आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्याच्या हातीं ठेवलें, आणि पुढें सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून कॉलेजसाठीं दरमहा पंचवीस रुपयांची सोय करून दिली. पंचवीस रुपये आणि एक पुस्तक. पुढची कथा सर्व देशास ठाऊक आहे.

वर्गानें केलेलीं भविष्यें खोटीं ठरतात, आणि ठरावींत हेंच बरें. कलेक्टरसाहेब एखादे वेळीं पोस्टांत चिकटतात, डॉक्टर किराणा मालाचें दुकान काढतात, कविराज विम्याचे एजंट होऊन गद्यांत बोलूं लागतात. त्यांत कोणाचेंही फारसें बिघडत नाहीं. मनोरे पडले म्हणून कोणी चिरडला जात नाहीं. परंतु वर्गाचें हंसें एका मुलाला गमतीचें वाटतें आणि दुसऱ्याच्या वहींतला शब्द खोडावयास लावतें, एवढा फरक त्या वयांत कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. तो मोठ्या माणसांच्या ध्यानीं यावा, अशी अपेक्षा असते. दर सहामाहीनंतर कुठल्या ना कुठल्या शाळेच्या फळ्यावर तोच विषय पुनः लिहिला जाईल. वह्यांचा गठ्ठा मास्तरांच्या टेबलावर येईल. त्यांत अठ्ठेचाळीस ओळींचा निबंध अवश्य वाचावा, हंसावें, गुणही द्यावे. एका ओळीचा जो असेल तो मात्र दोनदां वाचावा, आणि शेरा मारण्यापूर्वीं त्या मुलाला टेबलाजवळ बोलावून फी भरली कीं नाहीं, तेवढें हळूच विचारावें.