आराखडा लिहिणाऱ्याची मजुरी

(चंद्रपुरात एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मागच्या उन्हाळ्यात कुरखेड्याकडचा एक तिशीतला तरुण माझ्यासमोर बसून बँकेचा अर्ज भरत होता. नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी त्याचा पेन थांबला. हा मुलगा आपल्या गावाच्या सामूहिक वनहक्क समितीचा सचिव. गावाच्या हक्कात आलेल्या जंगलाचा आराखडा त्याच्या अक्षरात आहे. कुठल्या कक्षात बांबू किती, कुठला नाला फेब्रुवारीत आटतो, वणवा कुठल्या बाजूने शिरतो, हे सगळं त्याने गावाबरोबर फिरून नोंदवलंय. थोडा विचार करून त्याने रकान्यात लिहिलं, ‘मजुरी’. मी म्हटलं, अरे, तू तर गावाचं नियोजन करतोस. तो म्हणाला, “त्याचे पैसे भेटत नाही जी. ज्याचे भेटते ते लिवलो.”

आजच्या विषयावर याहून नेमकं मी काही बोलेन असं मला वाटत नाही. पण तास भरायचा आहे.

नियोजन हा जगभर एक व्यवसाय आहे. अमेरिकेत नियोजनकारांची मोठी संघटना आहे आणि ती आपल्या सभासदांचं वय, शिक्षण, स्त्री-पुरुष प्रमाण आणि पगार यांची पाहणी करून प्रसिद्ध करते. आपल्याकडेही हा व्यवसाय जुना आहे. नगररचनेचा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला. पुढे १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश माणूस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. आधी पाहणी आणि मग आराखडा, हा त्याचा आग्रह. आधी गाव पायाखाली घाला, मग कागदाला हात लावा, असं आपण म्हणू. शंभर वर्षांनी आपली स्थिती काय? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आकडा आहे: राज्यांच्या नगररचना खात्यांत बारा हजारांहून जास्त नियोजनकार हवेत, मंजूर पदं ३,९४५ आणि त्यातलीही ४२ टक्के रिकामी.

हे झालं शहरांचं. २०२४ मध्ये आपल्या राज्याच्या नगररचना विभागाने रचना सहायकांची २६१ पदं भरायला काढली. वेतनश्रेणी ३८,६०० पासून १,२२,८०० पर्यंत. चांगली नोकरी आहे, मिळाली तर घ्यावी. पण २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ आणि त्यातले शहरात राहणारे अकरा टक्क्यांच्या आसपास. चंद्रपुरात कोळशामुळे आणि कारखान्यांमुळे हे प्रमाण पस्तीस टक्क्यांपर्यंत जातं, तरी दोन तृतीयांश माणसं खेड्यांतच. मग उरलेल्यांचं नियोजन कोण करतं?

‘कोणीच नाही’ असं उत्तर देऊन मोकळं होता येईल, पण ते खोटं आहे. या दोन जिल्ह्यांत गावाचं नियोजन करणारी माणसं इतकी आहेत की मोजायला बसलं तर बोटं पुरणार नाहीत. फक्त त्यांना कोणी नियोजनकार म्हणत नाही.

मोजूनच बघू. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या कार्यक्रमात ग्रामपंचायतीचा आराखडा दरवर्षी होतो. तो गावातल्या बायकांशी बोलून गोळा करते ती ‘उमेद’ या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची समुदाय संसाधन व्यक्ती. हे नाव कुणी तोंडाने घेत नाही, सगळे ‘सीआरपी ताई’ म्हणतात. तिचं मानधन वाढून ६,००० झालं, त्याआधी ३,००० होतं. रोजगार हमीचा आराखडा करतो ग्रामरोजगार सेवक. त्याला कित्येक वर्षं झालेल्या कामाच्या टक्केवारीवर पैसे मिळायचे. काम निघालं तर पैसे, नाही निघालं तर नुसतीच पायपीट. २०२४ मध्ये सरकारने त्याला महिना ८,००० ठरवले. त्याच सुमारास सरपंचांचं मानधन दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावाच्या सरपंचाला, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक सरपंचांना, ३,००० चे ६,००० झाले. ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत कंत्राटी असतो. त्याला ६,००० मिळत, ते १६,००० झाले. आणि जिल्हा कार्यालयात मुंबईहून येणारा मुख्यमंत्री फेलो? त्याला २०२५ मध्ये छात्रवृत्ती आणि प्रवासखर्च मिळून ६१,५००.

आता एक हिशोब करा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी रोज ३१२ रुपये. महिन्यात सव्वीस दिवस काम लागलंच, तर ८,११२. म्हणजे ज्याची हजेरी लावायची तो मजूर, हजेरी लावणाऱ्या सेवकापेक्षा ११२ रुपये जास्त कमावतो. मजुराला इतके दिवस काम लागत नाही हे खरं, पण सेवकाचंही काम सव्वीस दिवसांत संपत नाही.

‘मानधन’ हा शब्द कोणी शोधून काढला मला माहीत नाही, पण तो माणूस हुशार होता. पगार मागता येतो, थकला तर कोर्टात जाता येतं, त्याला महागाई भत्ता लागतो, निवृत्तिवेतन लागतं. मानधन दिलं जातं. देणाऱ्याच्या मनात असेल तेव्हा आणि तेवढं.

या पायरीच्याही खाली एक पायरी आहे आणि आपल्या जिल्ह्यांचं वेगळेपण तिथे आहे. ती म्हणजे ग्रामसभा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाले ते २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या शंभरेक घरांच्या गोंड गावाला, सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. आज एकट्या गडचिरोलीत चौदाशेहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या आसपास जंगल मिळालं. त्या गावाने ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही. पानासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, झाड खुरटतं. त्यापेक्षा बांबूवर भर. हातात येणारा रोख पैसा सोडून देण्याचा हा निर्णय गावाने बसून घेतला. तोही नियोजनाचाच निर्णय, पण त्यासाठी कुठलं पद मंजूर झालं नव्हतं.

कायदा ग्रामसभेला सांगतो की समिती नेमा, जंगलाच्या संवर्धनाचा आणि व्यवस्थापनाचा आराखडा करा. वनखातंही त्याच जंगलाचा आराखडा करतं. त्याला कार्य आयोजना म्हणतात. तो करायला वरिष्ठ वनाधिकारी असतो, त्याचं कार्यालय असतं, गाडी असते, वनरक्षक असतात आणि त्या सगळ्यांचे पगार असतात. कक्ष क्रमांक तोच, झाडं तीच, नाला तोच. एका आराखड्याला सरकारी वेतनश्रेणी आणि दुसऱ्याला गावातल्या कोणाच्या तरी ओसरीवर रात्री आठ वाजता होणारी बैठक, मध्ये कंदील, हल्ली मोबाइलचा उजेड. वनखात्याच्या लोकांबद्दल मला राग नाही. त्यातल्या काहींनी ग्रामसभांना मनापासून मदत केली, मी पाहिलंय. पण दोन कागदांच्या किमतीतला फरक डोळ्यात खुपतो.

मेंढ्याचं उदाहरण देताना एक गोष्ट नेहमी विसरली जाते. तिथलं नियोजन उभं राहिलं ते अभ्यासगटांवर. गावातले देवाजी तोफा आणि इतर गावकरी एकीकडे, ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल दुसरीकडे, आणि मध्ये वर्षानुवर्षं चाललेली चर्चा. गावात निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणजे एकाने जरी नाही म्हटलं तरी पुन्हा बसायचं. मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, त्यांच्या विचारांचं कौतुक झालं. पण अशी माणसं आयुष्यभर कशावर जगली, घर कसं चाललं, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे समाजकार्य करणाऱ्याला पैशाबद्दल विचारणं अशिष्ट मानतात. त्या शिष्टपणामुळेच पुढची पिढी या कामात टिकत नाही, असं माझं मत आहे.

ही पुढची पिढी म्हणजे कोण? माझ्या पाहण्यातला ग्रामसभेचा सचिव पंचवीस ते चाळीस वयाचा असतो, बारावी किंवा बीए. गोंडी किंवा माडिया घरात आणि मराठी बाहेर बोलतो, मोबाइलवर जीपीएस चालवतो. बायका असतात, पण ‘उमेद’च्या आणि आशा सेविकांच्या बाजूला जास्त. ग्रामसभेच्या आराखड्यात त्यांची नावं समितीच्या यादीत दिसतात, कारण एक तृतीयांश बायका हव्यात असं नियम सांगतो. कागद मात्र बहुतेक पुरुषांच्या हातात. याला अपवाद आहेत. कोरची तालुक्यात नव्वद गावांची महाग्रामसभा आहे. तिथे बायकांनी हट्टाने पुढची जागा घेतली, तेंदूच्या लिलावात बोलल्या. तिथे आराखड्यातले विषयही बदलले. पाणवठा कुठे, मोहफुलाच्या वाटेवर काय, कोणाच्या शेतात रानडुक्कर येतं, हे पुरुषांच्या यादीत खाली असणारे विषय वर सरकले.

शहरातून येणारे कार्यकर्ते वेगळे. समाजकार्याची पदवी, संस्थेचा प्रकल्प, तीन वर्षांचा निधी. प्रकल्प असेपर्यंत पगार बरा असतो. प्रकल्प संपला की जीपीएसच्या नोंदी लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉप पुण्यात. मग गावाला नकाशाची एक प्रत हवी असते, तर फोन लागत नाही. मी स्वतः असाच एक होतो, म्हणून सांगतो. माझ्याही लॅपटॉपमध्ये एका गावाचा नकाशा दोन वर्षं पडून होता. परत द्यायला गेलो तेव्हा त्या गावाने आपला नकाशा नव्याने, रांगोळी आणि राख वापरून अंगणात काढून, मग कागदावर उतरवून ठेवला होता. माझ्यापेक्षा बरा होता.

सरकारी नोकरीबद्दलही थोडं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. तेव्हापासून ‘गडचिरोलीला बदली’ हा वाक्प्रचार महाराष्ट्रभर शिक्षेचा म्हणून चालतो. लोकांनी यावं म्हणून सरकारने २००२ च्या ऑगस्टमध्ये एकस्तर वेतनश्रेणीची सवलत दिली. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला एक पायरी वरची श्रेणी. हेतू चांगला, भरपाई योग्य. पण जो इथेच जन्मला, त्याच पाऊलवाटेने रोज चालतो, पावसाळ्यात नाला भरला की पलीकडे अडकतो, त्या रोजगार सेवकाला, त्या सीआरपी ताईला एकस्तर नाही. बाहेरून येण्याला किंमत आहे, इथेच असण्याला नाही. आणि सगळी उतरंड पुन्हा एकदा बघा: माणूस गावापासून जितका लांबचा, तितके त्याचे पैसे जास्त.

कोणी म्हणेल, पैसे नाहीत असं कुठे? २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो. तो चार समान भागांत वाटायचा असतो. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) यांची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता, आणि वन व वन्यजीव संवर्धन. नियोजन चांगलं आहे. पण या भागांत कामांची नावं आहेत, काम लिहून काढणाऱ्या माणसाचं नाही. बंधाऱ्याला सिमेंट लागतं हे अंदाजपत्रकाला कळतं. बंधारा कुठे हवा हे ठरवायला आठ माणसं चार दिवस हिंडली, हे त्याला कळत नाही.

शेवटी एका बैठकीचं सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथलं भांडण अजून मिटलेलं नाही. तेंदूचा हंगाम चांगला गेला होता, ग्रामकोषात पैसे होते. विषय निघाला सचिवाला काहीतरी द्यायचा. काही म्हाताऱ्यांनी विरोध केला. भूमिया, म्हणजे गावचा परंपरागत प्रमुख, कधी पगार घेतो का, तोही गावाचंच बघतो ना, हा त्यांचा मुद्दा. तो काही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पैसे घेऊन केलेलं काम गावाचं राहत नाही, सरकारचं होतं, ही भीती त्यामागे आहे. चर्चा रात्री अकरापर्यंत चालली. मग मागे बसलेली एक बाई उठली. ती म्हणाली, “हा आराखडा लिवते तवा याच्या घरचे तेंदूचे पुडे कोण बांधते? याची बायको एकटी बांधते. सत्तर पानांचा पुडा, दोघांचे काम एकटीच्या हातानं.” सचिव खाली मान घालून बसला होता. त्याची बायको बैठकीत नव्हती.

मग ठरलं की आराखड्याचे जितके दिवस, तितकी रोजगार हमीच्या दराने मजुरी ग्रामकोषातून द्यायची. सगळ्यांनी मान हलवली. तेवढ्यात कोणी तरी विचारलं, दिवस मोजायचे कसे? नुसते लिहिण्याचे, की जंगलात हिंडण्याचेही? आणि बायकोने पुडे बांधले ते? त्यावर पुन्हा वाद सुरू झाला. सर्वसहमती हवी होती, म्हणून विषय पुढच्या बैठकीवर गेला, आणि पुढची बैठक मोहफुलं संपल्यावर ठेवली.